सोसायटीत रोजच्या व्यायामाचा गट कसा उभा करावा

आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आहे. तीन इमारती, ११२ सदनिका, मधोमध छोटी बाग आणि बागेच्या फाटकावर ‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जणांनी उत्साहाच्या भरात ‘वजन घटवा स्पर्धा’ जाहीर केली. नव्वद दिवसांत सर्वांत जास्त वजन उतरवणाऱ्याला बक्षीस होते, दर रविवारी क्लबहाऊसमध्ये वजनकाटा मांडला जाई आणि प्रत्येकाचा आकडा फळ्यावर लिहिला जाई. पहिल्या रविवारी एकेचाळीस जण आले आणि पाचव्या रविवारी सात. त्या सातांपैकी एका गृहस्थांनी काट्यावर आकडा कमी दिसावा म्हणून आदल्या दुपारपासून काही खाल्ले नव्हते, आणि काट्यावरून उतरताना त्यांना भोवळ आली. बायका तर दुसऱ्याच आठवड्यापासून यायच्या थांबल्या होत्या, कारण आपले वजन शेजारणीने फळ्यावर वाचावे असे कोणालाही वाटत नाही.

पुढच्या वर्षी तोच गट आम्ही वजनकाटा कपाटात ठेवून, केवळ हजेरीच्या वहीवर उभा केला. तो आजही चालू आहे. असा गट सुरू करू पाहणाऱ्या कोणालाही आमच्या चुका पुन्हा कराव्या लागू नयेत, म्हणून सगळी रीत क्रमाने लिहीत आहे. सोसायटीऐवजी चाळ, वाडी किंवा गावातली आळी असली, तरी परवानगीचा भाग वगळता बाकीचे जवळपास तसेच लागू पडेल.

१. व्यायामाने काय होते आणि काय होत नाही, ते आधी स्वतः समजून घ्या

गट मोडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या अपेक्षेमुळे. पासष्ट-सत्तर किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास झपाझप चालले, तर साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात, आणि परत येताना कोपऱ्यावर एक वडापाव खाल्ला की त्याच्या जवळपास दुप्पट पोटात जातात. म्हणून ‘महिनाभर चाललो आणि पाऊण किलोसुद्धा उतरले नाही’ ही तक्रार तुमच्याकडे येणारच, आणि तिचे उत्तर पहिल्याच दिवशी देऊन ठेवलेले बरे. खाण्यात बदल केल्याशिवाय नुसत्या चालण्याने वजन फार उतरत नाही. मात्र पोटाचा घेर, रक्तदाब, रक्तातली साखर, झोप आणि जिना चढताना लागणारी धाप यांत फरक पडतो, आणि तो काट्यावर दिसण्याआधी अंगाला जाणवतो. उतरलेले वजन पुन्हा वाढू न देण्यासाठी तर रोजच्या हालचालीसारखा आधार नाही.

किती व्यायाम पुरेसा, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटांची हालचाल हवी, आणि ज्येष्ठांनी तीन दिवस तोल सावरण्याचे व्यायामही करावेत. ‘मध्यम श्रम’ ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना शेजारच्याशी बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग मध्यम. मोजायचेच असेल तर मिनिटाला साधारण शंभर पावले.

हा शंभराचा आकडा आपल्या घराघरांत आधीपासूनच आहे. जेवणानंतरच्या शतपावलीला या वेगाने जेमतेम एक मिनिट लागते. तेव्हा शतपावलीची हजारपावली करा, म्हणजे रोजची दहा मिनिटे आपोआप जमा होतात. जेवणानंतर चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे मधुमेह्यांना या दहा मिनिटांचा उपयोग वेगळाच होतो. आमच्या गटात सर्वांत जास्त माणसे याच फेरीला येतात.

२. माणसे जमवण्याआधी कमिटीचे पत्र हातात घ्या

व्यायामाला परवानगी कसली, असे वाटेल. पण बाग, पार्किंग आणि क्लबहाऊस या सामायिक जागा आहेत, आणि पहिली तक्रार आली की ‘कोणाला विचारून चालू केले?’ हाच प्रश्न पुढे येतो. सेक्रेटरींच्या नावाने एक पानी अर्ज द्या. त्यात जागा, वार, वेळ, अंदाजे माणसे, जबाबदार व्यक्तींची नावे आणि ‘सोसायटीकडून खर्च मागणार नाही’ हे वाक्य असू द्या. या शेवटच्या वाक्याने अर्धा विरोध मावळतो. मंजुरी तोंडी घेऊ नका, कमिटीच्या बैठकीच्या इतिवृत्तात तिची नोंद करून घ्या. कमिट्या बदलतात आणि नव्या कमिटीला जुन्या कमिटीचे तोंडी शब्द आठवत नाहीत.

आवाजाचे पथ्य मात्र काटेकोर पाळा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. नियमाचे सोडा, सकाळी सव्वासहाला बागेत गाणी वाजली की पहिल्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाची आई तुमची कायमची विरोधक होते. आमचा गट तोंडी आकड्यांवर चालतो आणि कोणाचे काही अडत नाही.

३. एकच वेळ ठरवू नका

आमची सर्वांत मोठी चूक वजनकाट्याची होती, पण दुसरीही तिच्या तोडीची होती: पहाटे सहाची एकच वेळ. या वेळेला निवृत्त पुरुष मंडळी हौसेने आली. ज्यांच्या घरी नळाला पाणी येण्याची, मुलांच्या डब्यांची आणि दूधवाल्याची वेळ तीच होती, त्या बायका आल्या नाहीत, आणि आम्ही मात्र ‘बायकांना आवड नाही’ असा निष्कर्ष काढून बसलो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, आणि त्यात पुरुषांचे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांचे ५७ टक्के होते. हा फरक आवडीचा नसून घड्याळाचा आहे, हे माझे मत आमच्या हजेरीवहीनेच बनवले. सकाळी साडेनऊची, म्हणजे डबे, आंघोळी, शाळा सगळे उरकल्यानंतरची फेरी सुरू केली, आणि तीन आठवड्यांत तिथली संख्या पहाटेच्या दुप्पट झाली.

तीन वेळा ठेवा: पहाटे सव्वासहा, सकाळी साडेनऊ आणि रात्री सव्वानऊ. प्रत्येक वेळेला दोन ‘फेरीप्रमुख’ नेमा. एकच नेमला, तर तो गावी गेल्या दिवशी गट बंद पडतो, आणि एकदा बंद पडलेला गट पुन्हा सुरू करायला नव्याइतकेच कष्ट पडतात. माणसे जमवण्यासाठी सूचनाफलकावर अवलंबून राहू नका. भिशीचा गट, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, मुलांच्या स्कूलबसच्या थांब्यावर रोज उभ्या राहणाऱ्या आया, अशी जिथे माणसे आधीच एकमेकांना ओळखतात, तिथे जाऊन समोरासमोर विचारा.

वॉचमन, घरकामाच्या मावशी आणि सफाई कामगार यांनाही बोलवा, पण जरा विचार करून. दिवसभर चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ‘तुम्हीही चालायला या’ असे म्हणणे विनोदी आहे. त्यांना रक्तदाब तपासणीच्या दिवशी आवर्जून बोलवावे; त्याचा त्यांना खरा उपयोग होतो.

४. नावनोंदणी आणि तब्येतीची चौकशी

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून अनेक गट ती गाळतात. गाळू नका. जवळ असायला हव्यात त्या वस्तू आणि कागद असे:

- कमिटीच्या मंजुरीची प्रत.
- नावनोंदणीचा एक पानी अर्ज: नाव, वय, सदनिका क्रमांक, घरच्यांचा तातडीचा फोन, चालू औषधे.
- त्याच कागदावर सहा प्रश्न: हृदयविकार आहे का, रक्तदाब आहे का, श्रम करताना छातीत दुखते किंवा भरून येते का, चक्कर येते का, सांध्यांचा असा त्रास आहे का जो व्यायामाने वाढेल, आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत का.
- हजेरीची जाड पुठ्ठ्याची वही आणि दोऱ्याने बांधलेले पेन. पेन बांधले नाही तर ते दुसऱ्या दिवशी नसते.
- शिवणकामाची टेप, साधा वजनकाटा, भिंतीवर उंचीची खूण आणि जमल्यास रक्तदाबाचे यंत्र.
- प्रथमोपचार पेटी आणि तिच्यात ग्लुकोज पावडरीचे पाकीट.

सहापैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर त्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, आणि ‘हो’ लिहिणाऱ्याला कमीपणा वाटणार नाही याची काळजी फेरीप्रमुखाने घ्यावी. सरकारी आरोग्यव्यवस्थेत तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब आणि मधुमेहासाठी तपासणी करण्याचा कार्यक्रम आहे, आणि आशाताईंच्या प्रश्नावलीत कंबरेचे माप आणि ‘आठवड्याला १५० मिनिटे हालचाल करता का’ हा प्रश्नही असतो. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात चौकशी केलीत, तर निम्मे काम तिथेच होते.

मधुमेह्यांबाबत एक इशारा वेगळा लिहितो. पहाटे उपाशीपोटी, इन्सुलिन किंवा गोळी घेऊन तासभर चालणे धोक्याचे आहे. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसली की ‘जरा बसा, बरे वाटेल’ म्हणत वेळ काढू नये. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. छातीत दडपण येणे, जबडा किंवा डावा हात दुखणे, अकारण धाप लागणे यांपैकी काही झाले, तर थेट १०८ ला फोन करावा. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

५. पहिले सहा आठवडे

पहिल्या दिवशी सगळ्यांना खूप करायचे असते, आणि तेच थांबवायचे असते. पहिले दोन आठवडे पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वीस मिनिटे चालणे आणि त्यानंतर पाच मिनिटे सांधे मोकळे करणे. पाचव्या आठवड्यापासून तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे १५० मिनिटांचा हिशोब पुरा होतो. घाई करणाऱ्यांची गुडघ्यांची आणि पोटऱ्यांची तक्रार बहुतेक दुसऱ्या आठवड्यात येते, आणि अशी माणसे पुन्हा सहसा येत नाहीत.

चौथ्या आठवड्यापासून मंगळवार आणि शुक्रवार ताकदीच्या व्यायामासाठी ठेवा. साहित्य काहीच लागत नाही. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे दहा वेळा, भिंतीला हात टेकून दंड दहा वेळा, जिन्याच्या एका पायरीवर चढणे-उतरणे प्रत्येक पायाने दहा वेळा, आणि ज्येष्ठांसाठी कठड्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे. खुर्ची प्लास्टिकची असेल तर मागून कोणी तरी धरावी. ती सरकते, आणि ती सरकल्याचा आवाज मी ऐकलेला आहे.

सूर्यनमस्कारांचा आग्रह कोणी तरी धरतोच, आणि आपल्याकडे तो साहजिकही आहे. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला आणि महाराष्ट्रात रथसप्तमीला सामूहिक नमस्कार घालण्याची प्रथा आजही आहे. ज्यांचे सांधे चांगले आहेत त्यांनी जरूर घालावेत. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्यांना काचबिंदू किंवा कंबरेचा जुना त्रास आहे, त्यांना मात्र डोके खाली जाणाऱ्या स्थिती वर्ज्य आहेत, हे फेरीप्रमुखाने नम्रपणे आणि ठामपणे सांगायला हवे. पहिल्याच आठवड्यात पर्वती चढायची टूम निघाली तर तीही थोपवा. शंभरांवर पायऱ्या आहेत, आणि गुडघ्यांची परीक्षा चढताना जितकी होते त्याहून उतरताना अधिक होते.

एक मोठा सापळा फेरीनंतरचा आहे. पहाटेच्या गटाचा मुक्काम हळूहळू अमृततुल्यच्या टपरीवर हलतो, चहाबरोबर क्रीमरोल येतो, रविवारी मिसळ येते, आणि चार महिन्यांनी गट पक्का आणि वजन वाढलेले, अशी अवस्था होते. आम्ही चहा बंद केला नाही, कारण त्या गप्पांसाठीच निम्मी माणसे येतात. कमी साखरेचा चहा घरून थर्मासमध्ये आणायची पाळी लावली आणि टपरीची वाट मोडली.

६. मुलांसाठी त्या पाटीचे काय करायचे

मोठ्यांच्या गटाला लागणारे सगळे कष्ट एकीकडे आणि मुलांसाठी करायचे एकमेव काम एकीकडे: बागेच्या फाटकावरची पाटी. मुले बसून राहतात ती आळशीपणाने नव्हे. चेंडू बाहेर काढला की वॉचमन काका शिट्टी मारतात, आणि मग जिन्यात बसून मोबाईल पाहणे हाच एक खेळ उरतो.

ही पाटी उतरवायला आम्हाला दोन सर्वसाधारण सभा लागल्या. मोटारीच्या काचा, ज्येष्ठांच्या अंगावर बसणारा चेंडू आणि दुपारची झोप हे तिन्ही आक्षेप रास्त होते, त्यामुळे ‘मुलांचा हक्क’ असे मोठे शब्द वापरून काही साधले नाही. साधले ते वेळापत्रकाने. संध्याकाळी ५ ते ७ बाग मुलांची, त्या वेळात ज्येष्ठांचे बाक मागच्या बाजूला हलवायचे, चेंडू फक्त रबरी, आणि काच फुटली तर खेळणाऱ्या सगळ्या मुलांच्या घरांनी खर्च वाटून घ्यायचा. आजवर एकच काच फुटली आहे, आणि ती एका वडिलांनी फोडली.

क्रिकेटमध्ये दोघे खेळतात आणि बाकीचे उभे असतात, म्हणून आठवड्यातले दोन दिवस लगोरी, खो-खो, लंगडी यांना राखून ठेवा. मुलींना वेगळे बोलवावे लागते. पाटी उतरल्यावर पहिले काही आठवडे बाग मुलांनीच व्यापलेली असते.

७. पावसाळा, दिवाळी आणि लग्नसराई

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गट निम्मा होतो. त्याची तयारी मेमध्येच करावी. पार्किंगमध्ये दोन रांगांमधली मोकळी जागा चुन्याने आखून घ्या आणि गाड्या निघण्याच्या वेळा टाळा. तिथली फरशी ओली असताना चालू नये, आणि चप्पल घालून तर मुळीच नको. श्रावणात साडेनऊच्या गटाने मंगळागौरीचे खेळ घेतले, तर तो महिना वर्षातला सर्वांत जोरदार महिना ठरतो. झिम्मा, फुगडी, गाठोडे यांचा अर्धा तास खेळून पाहा आणि मग सांगा की हा व्यायाम आहे की नाही. फुगडी मात्र गुडघा, पाठ आणि तोल सांभाळूनच.

दिवाळीच्या दहा दिवसांत गट बंद ठेवायचा मोह होतो. बंद ठेवू नका, वेळ निम्मी करा. दहा दिवसांची सुट्टी आम्ही एका वर्षी दिली, ती तुळशीच्या लग्नापर्यंत लांबली.

८. मोजमाप कसे आणि कधी

तीन महिन्यांतून एकदा, ज्याला हवे त्याचेच, पडद्याआड. आकडा त्या व्यक्तीच्या कार्डावर लिहून कार्ड तिच्याच हातात द्या. वहीत, फळ्यावर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणाचेही वजन जाता कामा नये, कौतुक म्हणूनसुद्धा नाही.

वजन किलोंत घेऊन त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. ६८ किलो वजन आणि १६० सेंटिमीटर उंची असेल, तर ६८ भागिले २.५६, म्हणजे २६.६. भारतीयांसाठी डॉक्टर २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे त्याच वजनाला पोटाभोवती चरबी अधिक साठलेली आढळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष २५ च्या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे होते.

माझा भर कंबरेच्या मापावर असतो. टेप सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, कपड्याच्या आतून, श्वास सहज सोडल्यावर लावायची. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे माप गेले, तर लक्ष द्यायला हवे. पोट आत ओढून धरणाऱ्यांशी थोडे बोलत राहा, म्हणजे श्वास आपोआप सुटतो.

गटाची प्रगती म्हणून फलकावर लावायचा आकडा एकच: या महिन्यात किती जण आठवड्यातून किमान चार दिवस आले. सलग तीन दिवस न आलेल्याला फेरीप्रमुखाने फोन करावा आणि ‘का आला नाहीत’ असे न विचारता ‘बरे आहे ना’ असे विचारावे. या एका फोनने आमच्याकडे जितकी माणसे टिकली, तितकी दुसऱ्या कशानेही टिकली नाहीत.

९. वर्ष संपण्याआधी स्वतःला मोकळे करा

गट सुरू करणाऱ्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला की तो धोक्यात आला असे समजा. दहाव्या महिन्यापासून दर आठवड्याला एक दिवस मुद्दाम जाऊ नका आणि काय बिघडते ते पाहा. आमच्याकडे बिघडले ते अगदी किरकोळ: क्लबहाऊसची चावी माझ्याकडे होती आणि बाहेर अकरा जण पावसात उभे होते. तेव्हापासून चावी वॉचमनच्या खोलीत खिळ्यावर टांगलेली असते, आणि ती कुठे आहे हे वहीच्या पहिल्या पानावर, १०८ च्या खाली लिहिलेले आहे.